तंबाखू सोडविणाऱ्यांचा इतिहास

तंबाखू ह्या देशात कशी आली ही हकीकत पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. ती सोडविण्याची खटपट कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने केली, ही दुसरी हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक ह्या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच दिवशी सुरू झालेल्या आहेत. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा वकील विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला होता. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, १६०४-०५ च्या सुमारास तो आग्र्यास परतला, आणि येताना इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी आणली. बादशहाने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. तोच शेजारी उभा असलेला हकीम पुढे झाला व हे आपल्या वैद्यकग्रंथांत नसलेले द्रव्य बादशहाने सेवन करू नये, असे त्याने बजावले. असद बेगने वाद घातला की, फिरंगी लोक शहाणे आहेत, विचार केल्यावाचून ते एखादी वस्तू स्वीकारणार नाहीत. बादशहाने स्वतः पुढे तंबाखू ओढली नाही. परंतु दरबारी मंडळींनी ती ताबडतोब उचलली, आणि थोड्याच दिवसांत व्यापारी तिचा बाजार मांडून बसले. म्हणजे तंबाखूचा उत्तर हिंदुस्थानातील पहिला झुरका आणि तिच्याविरुद्ध वैद्याने दिलेला पहिला सल्ला ह्यांत काही क्षणांचेच अंतर होते. सल्ला एकाने मानला, बाकीच्यांनी मानला नाही. पुढील चारशे वर्षांच्या इतिहासाचे प्रमाणही फारसे निराळे नाही.

अकबराच्या मुलाने, जहांगिराने, सल्ल्याऐवजी हुकूम काढून पाहिला. १६१७ मध्ये त्याने तंबाखूला मनाई केली, आणि इराणचा शाह अब्बास ह्यानेही अशीच बंदी घातली असल्याचे स्वतःच्या आत्मवृत्तात नमूद केले. ह्याच आत्मवृत्तात एक गमतीचा प्रसंग आहे. जहांगिराचा वकील खान आलम हा इराणच्या दरबारी गेला होता, आणि त्याला तर तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नसे. शाह अब्बासाच्या कानी ही अडचण घालण्यात आली, तेव्हा त्याने ह्या एका पाहुण्यापुरती बंदी सैल केली! बंदी घालणाऱ्या दोन सम्राटांच्या मधोमध उभा राहून हा गृहस्थ निर्वेधपणे धूर काढीत होता. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूची निंदा करणारी पुस्तिका स्वतः लिहिली, आणि तिच्यावरील जकात भरमसाट वाढविली. जकात येऊ लागली, तंबाखू राहिली. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला ह्या कथेचे विशेष आश्चर्य वाटत नाही.

राजाच्या हुकमाने जे साधले नाही ते गुरूच्या शब्दाने साधते काय, हा इतिहासातील पुढचा प्रश्न. आणि त्याचे एक अत्यंत बोधक उदाहरण, मी ज्या प्रदेशात राहतो त्या छत्तीसगडातच घडलेले आहे. रतनपूरच्या गादीवर नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी येऊन बसण्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १७५६ साली, गिरौदपुरी येथे घासीदासांचा जन्म झाला. समाजाने अस्पृश्य लेखलेल्या वर्गातील हा पुरुष तपश्चर्येसाठी रानात गेला आणि सत्यनामाचा उपदेश घेऊन परतला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्यामागे हजारो कुटुंबे गेली. मूर्तिपूजा सोडा, जातिभेद मानू नका, मद्य व मांस वर्ज्य करा, आणि तंबाखूला शिवू नका, असा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. १८५० च्या सुमारास ते निवर्तले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, घासीदासांनी तंबाखू सोडा असे जे सांगितले ते कफ होतो किंवा छातीत दुखते म्हणून नव्हे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले होते त्या माणसाला त्यांनी सांगितले की, तू निर्मळ आहेस, आणि निर्मळाला हे शोभत नाही. तंबाखूचा त्याग हा नव्या माणुसकीचा दाखला झाला. ज्याला काही सोडावयाचे आहे त्याच्या हाती त्याहून मोठे काही द्यावे लागते, हे मर्म त्यांना पुस्तकावाचून कळले होते. शिवाय हा त्याग एकट्यादुकट्याचा नव्हता. शेजारी, सोयरे, भाऊबंद सर्वांनी एकाच वेळी चिलीम खाली ठेवली होती. संध्याकाळी कोणाकडे विस्तव मागावयास जावे, असे घरच उरले नव्हते.

आणि तरीही पुढे काय झाले ते पाहा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सतनामी समाजातील एका पोटभेदाची नोंद आहे. काही मंडळींना तंबाखूचा नियम झेपला नाही. ती पुन्हा ओढू लागली आणि ‘चुंगिया’ म्हणून ओळखली जाऊ लागली. चुंगी किंवा चोंगी म्हणजे पानाची सुरळी करून तीत तंबाखू भरून ओढण्याची नळी. आमच्या गुरूंना अखेरच्या काळात तंबाखूची मुभा देणारा दुसरा दृष्टांत झाला होता, असे ही मंडळी सांगत असल्याचेही त्या ग्रंथात म्हटले आहे. ज्यांनी नियम पाळला ते निराळे राहिले. कोणाची चेष्टा करावी म्हणून मी हे सांगत नाही. उलट, व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद जपून ठेवावी असे मला वाटते. मद्यमांसाच्या नियमाने पंथात फूट पडली नाही, तंबाखूच्या नियमाने पडली, ह्यावरून ह्या पानाची पकड किती चिवट आहे ते कळते. शपथेचा एक अंगभूत दोषही त्यावरून दिसतो. शपथ एकदा मोडली की मोडणाऱ्याला परत येण्याची वाट राहत नाही. मग तो निराळी जमात तरी करतो किंवा निराळा दृष्टांत तरी शोधतो. घसरलेल्याला पुन्हा उभे कसे करावे, ह्याची तरतूद शपथेत नसते.

आपल्या वारकऱ्यांत माळ घातली की मद्यमांस सुटते. परंतु कमरेची चंची सुटतेच असे नाही, हे पंढरीच्या वाटेवर चाललेल्या कोणालाही दिसेल. गाडगेबाबांची (१८७६-१९५६) रीत ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. व्यसन, कर्ज, पशुहत्या ह्यांवर ते कीर्तनात तुटून पडत. पण त्यांचे कीर्तन हे प्रवचन नसे. ते समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारीत, उत्तर त्याच्याच तोंडून काढीत, त्या उत्तरावर दुसरा प्रश्न टाकीत, आणि शेवटी श्रोता स्वतःच स्वतःच्या विरुद्ध निकाल देऊन मोकळा होई. ह्या रीतीची आठवण ठेवावी. ती पुढे निराळ्या वेषात आपल्याला भेटणार आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा विषय धर्म आणि राजाज्ञा ह्यांच्या हातून वैद्यांच्या हाती आला, आणि ह्या स्थित्यंतरात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९४५ साली, सूर्याबाई ह्यांच्यासमवेत, भारतीयांच्या विशिष्ट सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. खालच्या ओठाच्या खाचेत खैनी धरून ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच होणारा रोग त्यात होता. १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर ह्यांनी ओढण्याचा व चघळण्याचा घशा-तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला. तिकडे इंग्लंडात १९५० साली डॉल आणि हिल ह्यांचा फुप्फुसाच्या कर्करोगावरील निबंध आला. १९६२ मध्ये लंडनच्या राजवैद्यक महाविद्यालयाचा आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. तंबाखू मारते, हे आता सिद्ध झाले. पण सिद्ध झालेली गोष्ट माणसाला सांगावयाची कशी, हे ह्यांपैकी कोणत्याच अहवालाने सिद्ध केले नव्हते.

तो प्रयोग लंडनच्या मायकेल रसेल ह्यांनी केला. १९७९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २८ साधे दवाखानेवाले डॉक्टर आणि त्यांच्याकडे आलेले २१३८ धूम्रपान करणारे रुग्ण होते. रुग्णांचे चार गट पाडले. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याकडून केवळ प्रश्नपत्रिका भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे ‘आता सोडा’ असे सांगितले. चौथ्याला तेच सांगून, वर एक पत्रक दिले आणि पुढे आम्ही चौकशी करणार आहो अशी जाणीव दिली. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ०.३ टक्के, दुसऱ्यातील १.६, तिसऱ्यातील ३.३ आणि चौथ्यातील ५.१ टक्के लोक पहिल्या महिन्यातच सोडून वर्षभर सुटलेले राहिले.

पाच टक्के! ऐकणारा हसेल. शंभरांतील पंचाण्णव ओढतच राहिले, मग साधले काय? परंतु रसेल ह्यांनी ह्या क्षुद्र दिसणाऱ्या आकड्याचा गुणाकार करून दाखविला. ब्रिटनमधील सगळ्या दवाखान्यांनी एवढेच केले तर वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसे सुटतील. आणि खास व्यसनमुक्ती केंद्रे काढून तेवढे फळ मिळवावयाचे तर, त्या वेळी असलेल्या पन्नासेक केंद्रांची संख्या दहा हजारांवर नेली तरी भागणार नाही. प्रशासनात काम करणाऱ्याने हा हिशेब पाठ करावा. एखादा उपाय किती खोल जातो इतकेच विचारून चालत नाही; तो किती जणांपर्यंत पोहोचतो हेही त्याच्या शेजारी लिहावे लागते. आणखी एक गोष्ट ह्या आकड्यांत दडलेली आहे. नुसती प्रश्नपत्रिका भरणाऱ्यांतही काहीही न सांगितलेल्यांपेक्षा अधिक माणसे सुटली. तुम्ही किती ओढता, असे कोणी गंभीरपणे विचारणे हीच सोडण्याची पहिली पायरी ठरली. तिसऱ्या आणि चौथ्या गटांतील फरक तर पत्रकापेक्षा ‘आम्ही पुन्हा विचारू’ ह्या शब्दांचा असावा असे मला वाटते.

आपल्या देशातील मोठा प्रयोग त्याच सुमारास चालू होता, आणि त्याचे सूत्र मुंबईतच होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता हे दंतवैद्य. त्यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. त्यानंतर केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर ह्या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखूभोक्त्यांच्या घरोघर जाऊन दंतवैद्यांनी त्यांची तोंडे वर्षानुवर्षे तपासली आणि तपासता तपासताच त्यांना तंबाखू सोडण्याविषयी सांगितले. जोडीला चित्रपट होते, भित्तिपत्रके होती, वर्तमानपत्रे होती, आणि आकाशवाणीही होती. श्रीकाकुलममध्ये तर बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढीत. १९८६ मध्ये पाच वर्षांचे फळ जाहीर झाले: पूर्वी केवळ पाहणीच झालेल्या गटापेक्षा ह्या गटातील अधिक लोकांनी तंबाखू सोडली वा कमी केली, आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे, म्हणजे कर्करोगाच्या पूर्वचिन्हांचे, नव्याने उद्भवणेही घटले. येथे उपदेश करणारा माणूस आधी तोंडात डोकावत होता. त्याच्या बोलण्याला त्या डोकावण्याने वजन आले असले पाहिजे. स्वतःच्या गालातला चट्टा ज्याला आरशात दाखविला जातो, त्याच्यापुढे आकडेवारी मांडावी लागत नाही.

आता भिलाईकडे वळतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी येथील पोलाद-कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे, कारण त्या वेळच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन केले. सेक्टर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत बंगाली, मलयाळी, पंजाबी, तेलुगू, ओडिया, मराठी अशी सारी बिऱ्हाडे येऊन राहिली, आणि प्रत्येकाने आपल्या मुलखाची तंबाखूही बरोबर आणली. बिहारची खैनी, विदर्भाचा खर्रा, आणि येथलाच गुडाखू. गुळाच्या काकवीत मळलेली ही तंबाखू दाताहिरड्यांना घासतात. आपल्या मिशरीची ती सख्खी बहीण. शिवाय ज्या तेंदूपानात विडी वळली जाते ते पान छत्तीसगडाच्याच रानांत वेचले जाते, आणि कित्येक घरांची उन्हाळ्यातील कमाई त्यावर असते. भट्टीच्या वायूच्या टापूत काडी ओढण्यास मनाई असते. धूम्रपान करणाऱ्या कामगाराने तेथे काय करावे? बहुधा तो तळहातावर चुना-तंबाखू मळतो. नियम पाळला जातो, व्यसन फक्त जागा बदलते. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम देशभर लागू झाले, तेव्हाही असे स्थलांतर पुष्कळ झाले असणार. कचेऱ्यांच्या जिन्यांचे कोपरे त्याची साक्ष देतात.

ह्या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत व्यसनमुक्तीच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण घडले. ते तंबाखूचे नाही, दारूचे आहे, तरी येथे सांगितलेच पाहिजे. १९७७ साली तेथील कंत्राटी खाणकामगारांची संघटना उभी राहिली, शंकर गुहा नियोगी तिचे नेते झाले. झगड्यानंतर मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. तेव्हा संघटनेने दारूबंदी हे वेतनवाढीइतकेच स्वतःचे काम मानले. बायका पुढे झाल्या; मोहल्ल्यांच्या बैठकींत पिणाऱ्याला सर्वांसमक्ष उभे राहावे लागे. ३ जून १९८३ रोजी ह्याच कामगारांनी स्वतःच्या श्रमाने व वर्गणीने उभारलेले शहीद रुग्णालय सुरू झाले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाई येथे हत्या झाली. ह्या मोहिमेत घासीदासांच्या पद्धतीचा अंश स्पष्ट दिसतो: त्याग हा स्वाभिमानाचा भाग, आणि तो सर्वांनी मिळून करावयाचा. भेद इतकाच की येथे बैठक पुन्हा पुन्हा भरत होती. घसरलेल्याला तिच्यात पुन्हा येता येत होते.

सामूहिक समुपदेशनाचे बळ ते हेच. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या अनामिक मद्यपींच्या मंडळींनी ते ओळखले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने ते मराठी घरांच्या ओळखीचे केले. आणि आमच्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ह्या नावाने दारूबरोबर तंबाखूही धरून गावपातळीवर काम सुरू झाले. परंतु दारू आणि तंबाखू ह्यांत एक मोठा फरक आहे. दारुड्याचे नुकसान त्याच रात्री शेजाऱ्यांना ऐकू येते, म्हणून बैठक भरते. तंबाखूचे नुकसान वीस वर्षांनी, तेही डॉक्टरच्या खोलीत, हलक्या आवाजात सांगितले जाते. गावाला त्याचा संताप येत नाही. मी तर असे म्हणेन की पाहुण्याला पानसुपारी पुढे करणाऱ्या समाजात तंबाखूविरुद्ध मोहल्ला उठविणे हे दारूपेक्षा पुष्कळ कठीण काम आहे.

मग एकांतातील सल्ला बरा की मंडळीतील? ह्या प्रश्नाचा आता शेकडो प्रयोग एकत्र करून विचार झालेला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा आढाव्यांत, प्रशिक्षित समुपदेशकाशी समोरासमोर बोलणाऱ्यांचे सुटण्याचे प्रमाण, जेमतेम सल्ला मिळालेल्यांच्या सुमारे दीडपट आढळले. गटात बसणाऱ्यांचे प्रमाण, केवळ पुस्तिका घेऊन घरी गेलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट. ‘दुप्पट’ ऐकून गट श्रेष्ठ असा निकाल देण्याचा मोह होतो. पण येथे तागडीच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवले आहे ते पाहिले पाहिजे. एकात थोडा सल्ला आहे, दुसऱ्यात नुसती पुस्तिका. जेथे दोहोंना समोरासमोर उभे केले तेथे फरक दिसला नाही. माझ्यासारख्याला हा निर्णय दिलासा देणारा वाटतो. ज्याला चारचौघांत तोंड उघडण्याचा संकोच आहे त्याने एकट्याने यावे, ज्याला सोबत हवी त्याने मंडळीत बसावे. शास्त्र दोघांनाही परत पाठवीत नाही. गटाची अडचण निराळीच आहे. पाळीपाळीने काम करणाऱ्या पोलाद-कामगारांतून एकाच वेळी मोकळे असे दहाजण जमविणे, आणि ते सहा आठवडे जमविणे, हे ज्याने करून पाहिले त्यालाच माहीत.

बोलण्याच्या शैलीविषयीही बराच खल झाला आहे. १९८३ साली विल्यम मिलर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मद्यपींवरील उपचारांच्या अनुभवावरून असे मांडले की, रुग्णाशी वाद घातला की तो व्यसनाची वकिली करू लागतो. म्हणून त्याला प्रश्न विचारावेत आणि सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत. गाडगेबाबांचे कीर्तन ऐकलेल्या म्हाताऱ्याला ह्यात नवे काही वाटले नसते. ही पद्धत जगभर शिकविली जाते. तरी तंबाखूच्या बाबतीत ती इतर पद्धतींहून सरस असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे २०१९ च्या आढाव्याने प्रांजळपणे म्हटले आहे. कदाचित शैलीपेक्षा भेटींची संख्या मोठी असेल. निकोटिनची ओढ सोडल्याच्या पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असते. चिडचिड, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी ह्यांचा जोर साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. ह्या आठवड्यांत जो माणूस पुन्हा विचारपूस करतो त्याचे शब्द कामी येतात. त्यात निकोटिनचा च्युइंगम वा अन्य औषधाची जोड मिळाली तर अधिकच.

भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी मिळून २००२ साली देशात तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे उघडली. २००३ मध्ये तंबाखूविषयक कायदा झाला, २००७-०८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि जिल्हा रुग्णालयांत समुपदेशनाची सोय करण्याची तरतूद त्यात आली. कोट्यवधी तंबाखूभोक्त्यांपुढे हे बळ तोकडे होते, हे उघडच आहे. म्हणून ३० मे २०१६ रोजी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-संस्थेत विनाशुल्क दूरध्वनी-सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल, बंगळूर आणि गुवाहाटी येथेही तिची केंद्रे झाली. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक झाले. फोन करणाऱ्याला सोडण्याचा दिवस ठरविण्यास सांगतात, आणि मग समुपदेशक आपण होऊन पुन्हा फोन करतो. ह्या ‘आपण होऊन’ला महत्त्व आहे. रसेलच्या चौथ्या गटातील तीच ही युक्ती. दिल्लीच्या ३२ गरीब वस्त्यांत १२१३ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही येथे आठवतो: दारात जाऊन केलेले एकच पंधरा मिनिटांचे बोलणे आणि थोडा प्राणायाम, एवढ्यानेही सहा महिन्यांनंतर २.६ टक्के सुटलेले आढळले. जेथे अगदीच जुजबी सल्ला दिला होता तेथे ०.५ टक्के.

परंतु पाकिटावरचा क्रमांक वाचण्यासाठी पाकीट हाती पडावे लागते. पानठेल्यावरून एकेक सिगारेट सुटी घेणारा पाकीट पाहत नाही. खर्रा तर प्लॅस्टिकच्या कागदात डोळ्यांदेखत घोटून मिळतो. त्याला ना वेष्टन, ना इशारा. २०१२ मध्ये महाराष्ट्राने आणि छत्तीसगडानेही गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी दुकानांत टांगली गेली. जहांगिराच्या फर्मानाचे पुढे काय झाले असावे, ह्याची कल्पना करण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

आणि तरी आकडे हलले आहेत. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडातील ५३.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण ३९.१ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ वर आले. सात वर्षांत एवढी घट, आणि तीही जेथे समुपदेशक बोटांवर मोजण्याइतके होते अशा प्रदेशात. तेव्हा श्रेय आमच्या केंद्रांना घेता येणार नाही. ज्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला त्यांतील बहुसंख्यांनी तो कोणाच्याही मदतीवाचून केला, हेही ह्याच पाहणीत नमूद आहे. किंमत, कायदा, मुलांनी शाळेतून आणलेली कानउघाडणी, शेजाऱ्याचा झालेला कर्करोग, ह्या सर्वांचा त्यात हात असावा.

त्याच पाहणीतील दुसरी एक जोडी मला अधिक विचार करावयास लावते. वैद्यकीय सल्लागाराकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. चघळणाऱ्या-घासणाऱ्यांपैकी मात्र सुमारे एक-तृतीयांशांनाच मिळाला. म्हणजे ज्या तंबाखूचा ह्या देशात अधिक खप आहे, तिच्याविषयी डॉक्टर कमी बोलतात. ह्याचे एक कारण शब्दांत आहे. दुर्ग जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात बाईला ‘तुम्ही तंबाखू घेता का’ असे विचारले तर ती नाही म्हणेल, आणि ते खोटेही नसेल, कारण गुडाखू हे तिच्या लेखी दात घासण्याचे साधन आहे. आपल्याकडे मिशरी लावणारी आजी हेच उत्तर देते. प्रश्न गुडाखूच्या नावानेच विचारावा लागतो, आणि तोही छत्तीसगडीत, सकाळच्या वेळी, हातपंपावर गर्दी होण्यापूर्वी.